अकराव्या प्रकरणातली चूक

साहेबांची कादंबरी मी कशीबशी संपवली. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेचे ते प्रमुख आणि कादंबरीही त्याच मोहिमेवर, म्हणून वाटलं होतं, निदान आतल्या गोष्टी कळतील. कळली ती भाषणं आणि नायकाच्या छातीचं माप. सूत्रधार मंत्रीच आहे हे पन्नासाव्या पानावर आपल्याला कळतं. मग नायकाला कळेपर्यंत तीनशे पानं ताटकळत बसायचं.

"रसायनशास्त्रातल्या चुका तेवढ्या काढा," असा निरोप होता. नाही म्हणायची सोय नव्हती. जप्त केलेला माल तपासणारी आमची प्रयोगशाळा त्यांच्याच मर्जीवर चालते. शिवाय त्या आठवड्यात एका बसचालकाकडे सापडलेली पांढरी पावडर माझ्या टेबलावर होती. वर्षातली सगळ्यात मोठी कारवाई म्हणून साहेब ती टीव्हीवर मिरवून झाले होते. मी पावडर तीन पद्धतींनी तपासली. निव्वळ ग्लुकोज. माझा अहवाल सोमवारी न्यायालयात गेला की चालक सुटणार होता.

शुक्रवारी दुपारी साहेब स्वतःच आले आणि स्टूल ओढून समोर बसले.

"कशी वाटली? खरं सांगा, मी काही खात नाही तुम्हाला."

"माहिती बरीच आहे."

"म्हणजे रटाळ आहे!" ते खळखळून हसले. "आमची बायको तर दुसऱ्या पानावरच घोरायला लागते. बरं, अकरावं प्रकरण?"

त्या प्रकरणात प्रयोगशाळेतली एक मुलगी अहवाल बदलायला नकार देते. तिच्या स्कूटरला ट्रक उडवतो आणि खटला पोलिसांना हवा तसा लागतो.

"ती मरते ते पटतं का तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. आता ते हसत नव्हते.

प्रश्न कादंबरीचा नव्हता, हे मला कळलं. पण चूक दिसली की मला गप्प बसवत नाही, आणि इथे तर चूकच माझ्या मदतीला आली होती.

"नाही पटत. तिला मारून काहीच बदलत नाही, साहेब. नमुन्याचे आम्ही दोन भाग करतो. दुसरा सीलबंद असतो. तो कुणीही तपासला तरी तेच उत्तर येणार."

"अस्सं? आमचं काम पाकीट तुमच्या दारात टाकण्यापुरतं. आत तुम्ही काय करता, कुणाला ठाऊक!" त्यांनी पेन काढलं. "दुसरा भाग ठेवता कुठे?"

"खाली, भांडारात काकांच्या..." मी जीभ चावली.

"काका," ते लिहिता लिहिता म्हणाले. "छान. तुम्ही माझी कादंबरी वाचवलीत."

ते गेल्यावर मी जिना उतरून धावतच भांडारात गेले. आमचे भांडारपाल काका फोन खाली ठेवत होते. मला बघून एकदम खुलले.

"अगं, मोठ्या साहेबांचा फोन! म्हणे, तुम्ही वाचता का? म्हटलं, चष्मा सापडला तर वाचतो. पुस्तकात माझ्यासारखा एक माणूस टाकणार आहेत. गप्पा मारायला गाडी पाठवतायत."

"काका, जाऊ नका."

"का गं? मी काय त्यांच्या पुस्तकात शोभणार नाही?"

"पाया पडते तुमच्या. कपाट उघडा, तो बसचालकाचा नमुना आत्ताच्या आत्ता न्यायालयात पोचवू."

"आज? सोमवारी जाईल की सगळं बरोबर," खुंटीवरचा सदरा काढत काका म्हणाले. "आणि कपाटाची कसली काळजी करतेस? चावी मी कुणाच्या हाती देत नाही. कुठेही गेलो तरी माझ्या खिशातच असते."