झऱ्याच्या तोंडावर हात

तेगू शहरामागच्या डोंगरातला झरा औषधी आहे, अशी तिथल्या सगळ्याच म्हाताऱ्यांची समजूत. मालसुनची तर सगळ्यांत पक्की. नगरपालिकेने पाणी तपासून ‘पिण्यास अयोग्य’ असा कागद लावला, की ती तो उपटायची आणि दगडावर अंथरून त्यावरच बैठक मारायची. गुडघ्यांनी जेरीस आलेल्या पिलन्योला, म्हणजे तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, डोंगर चढवत नसे. तिच्या दारात मालसुन रोज झऱ्याचा कॅन नेऊन ठेवायची.

त्या पाण्याने पिलन्योला आडवं केलं. जुलाब थांबेनात, नऊ दिवस सलाइन लागलं. पाणी कुठलं पिता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मालसुनला मान वर करवेना. पाजलं होतं तिनेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झऱ्यावर पाणी प्यायला टांगलेले सगळे डाव पिशवीत कोंबले आणि नगरपालिकेचा नवा कागद स्वतःच्या हाताने चिकटवला. व्यायाम उरकून माणसं कॅन घेऊन आली. झरा मंडळाचे अध्यक्ष ग्वॉन तिच्या दिवंगत नवऱ्याचे दोस्त. ते आधी गोडीत बोलले, मग भडकले.

“वहिनी, झरा काय माहेरून आंदण आणलाय?”

“नाही. पण एक मैत्रीण मी आजारी पाडलीय. आता दुसऱ्या कुणाला पाडू देणार नाही.”

याच पाण्यावर आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले, असं कुणी ऐकवलं. तेव्हा वरच्या वाटेवर लोक शंभर कुत्री हगायला आणत नव्हते, असं तिने सुनावलं. ग्वॉननी कॅन पुढे केला, तशी तिने झऱ्याला बसवलेल्या नळीच्या तोंडावर तळवा दाबला. पाणी फवारलं आणि ग्वॉनचं नवंकोरं जाकीट भिजलं. माणसं हसली. ती हसली नाही.

रोज सकाळी हाच तमाशा. बाराव्या दिवशी काठी टेकत, धापा टाकत खुद्द पिलन्यो वर आली. हातात रिकामी बाटली. माणसांनी वाट दिली. आता हिला कशी नाही म्हणते बघू, असं ग्वॉन मोठ्याने म्हणाले.

“एवढी भरून दे गं,” पिलन्यो म्हणाली. “नळाचं पाणी घशाखाली उतरत नाही.”

मालसुनचा हात हलला नाही. “शिव्या दे, बोलणं टाक. पाणी नाही देणार.”

पिलन्यो तिच्या गारठून लाल झालेल्या हाताकडे बघत राहिली. मग तिने बाटली पिशवीत टाकली.

“सरक जरा. एकटी किती वेळ धरशील?”

तिने आपला हात मालसुनच्या हातावर दाबला आणि ग्वॉनकडे वळून म्हणाली, “हं, भरा आता.”