शंभर क्रुझादोचं पोर

ब्राझीलमधल्या सान्तु आमारोच्या बाजारात देराल्दोला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याच्या नाण्यांचं पुराण एकदा तरी सोसलं नाही असाही नाही. साल्वादोरच्या बसवर त्याने जन्मभर कंडक्टरकी केली आणि प्रवाशांच्या तळहातावरून आलेली नाणी जमवली. ताठा एकच होता: नाणं दुकानातून किंवा टपालाने विकत घ्यायचं नाही. "पैसे टाकून काय, कुणीही जमवेल!" असं तो म्हणायचा, आणि ज्यांनी पैसे टाकून जमवली होती त्यांच्या तोंडावर म्हणायचा.

या ताठ्यापायीच तो अडकला होता. तेरा मेला गुलामगिरी संपली होती; त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा सरकारने शंभर क्रुझादोची तीन नाणी काढली होती. एकावर काळा पुरुष, एकावर काळी बाई, एकावर काळं पोर. पुढच्या जानेवारीत क्रुझादो हे चलनच निकालात निघालं, नाणी मात्र उरली. पुरुष देराल्दोला एका कोळ्याकडून मिळाला, बाई एका नर्सकडून. पोर त्याच्या बसमध्ये कधी चढलंच नाही.

तरीही नाणेमंडळाच्या बैठकीत तो सगळ्यांदेखत बोलून बसला, "यंदा तेरा मेच्या प्रदर्शनात पुरं कुटुंब मांडतो!" मंडळाचा अध्यक्ष एदगार, हा औषधांचा दुकानदार, नुसता हसला. त्या हसण्याने देराल्दोच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने मखमलीची पेटी करवून घेतली, तीन खळग्यांची. वर पितळी पाटी ठोकली: 'संपूर्ण कुटुंब'. आता तेरा मे तोंडावर आली होती आणि तिसरा खळगा त्याच्याकडे आ वासून बघत होता.

बाजारात तेरा मेच्या उत्सवाचा मांडव उभा राहत होता. वडे तळणाऱ्या लिंदाउराच्या कढईसमोर तो आकाराजे, म्हणजे चवळीचा गरम वडा, खात उभा होता. वड्यात कोळंबी भरायला म्हातारी वाकली आणि तिच्या गळ्यातली मण्यांची माळ पुढे झुलली. माळेत एक नाणं होतं. देराल्दोच्या हातातला वडा तेलासकट पँटवर पडला.

"दोना लिंदाउरा, गळ्यात काय आहे ते?"

"पोर आहे. पँट धुवा आधी, डाग जायचा नाही."

"त्याला भोक पाडलंय!"

"मग काय डिंकाने चिकटवू? माझी लेक रोझा जन्मली त्या वर्षी नवऱ्याने आणलं. खिळ्याने त्यानेच ठोकलं."

खिळ्याने! पण भोकाचं का होईना, पोर ते पोरच. देराल्दोने बदल्यात नवी छत्री देऊ केली. मग चवळी वाटायचं विजेचं यंत्र. शेवटी, आयुष्यभराचा ताठा गिळून, हळूच म्हणाला, "बरं, किंमत सांगा."

"अय्या! सेउ देराल्दो विकत घेणार!" लिंदाउरा एवढ्या मोठ्याने ओरडली की मासळीवाल्या माना उंचावून बघायला लागल्या. "याचे आईबाप कुठे असतात?"

"माझ्याकडे. मखमलीत. कुलपात."

"आणा बघू. मलाही बघू द्या."

तो धावत जाऊन पेटी घेऊन आला. लिंदाउराने हात पुढे केला तसा तो किंचाळला, "तेलाचा हात लावू नका!" तिने झग्याला हात पुसले आणि पाटी मोठ्याने वाचली. मग तिचं हसू गेलं.

"माझ्या आजीच्या आईला भाऊ होता. सहा वर्षांचा. मालकाने नदीपलीकडे विकला. ती म्हातारी मरेपर्यंत पलीकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, असा असा मुलगा दिसला का. मुलगा तेव्हा साठीचा झाला असता, पण ती मुलगाच म्हणायची." तिने झारा कढईत घातला. "आणि तुम्ही तेरा मेसाठी माझ्या गळ्यातल्या पोराची किंमत विचारताय."

देराल्दोला लाज वाटली, सरळ सरळ लाज. इतक्या वर्षांत ही नाणी कशासाठी निघाली ते त्याने शंभरदा लोकांना सांगितलं होतं, स्वतः मात्र कधी ऐकलं नव्हतं.

"पोर जायचं नाही," लिंदाउरा म्हणाली. "आईबापांना यायचं असेल तर माळेत जागा आहे."

तो पेटी बंद करून गेला. दुसऱ्या दिवशी पत्रेवाल्याकडे त्याने पुरुषाला आणि बाईला भोकं पाडून घेतली. पत्रेवाला शपथेवर सांगतो, यंत्रापेक्षा गिऱ्हाईक जास्त ओरडलं.

तेरा मेला प्रदर्शनात पेटी मांडली गेली. तिन्ही खळगे रिकामे. पाटीखाली देराल्दोने पुठ्ठा चिकटवला होता: 'सध्या मुक्काम लिंदाउराच्या गळ्यात. कढईपाशी भेटावं.'

"ही थट्टा आहे?" एदगार तडकला.

"नाही हो. राहत्या घरी गेलेत."

अख्खं मंडळ बाजारात लोटलं. उत्सवाचे ढोल वाजत होते. एदगार भिंग काढून लिंदाउराच्या गळ्याशी वाकला, तसा झारा उगारला गेला. "भिंग खाली! आधी दोन वडे घ्या, मग बघा!" एदगारने मुकाट्याने चार घेतले.

देराल्दो शेवटी गेला. भिंगाशिवाय. खिळ्याने पोराचं भोक वाकडं पडलं होतं, त्यामुळे ते सरळ लटकत नव्हतं, एका अंगाला कलायचं. इतकी वर्षं ते असंच कललेलं होतं. त्याने दोनदा वाकून खात्री करून घेतली. ते आईच्या बाजूला कललं होतं.