न झाडायचं अंगण

लुपेसिनाबाईंनी पहिल्याच दिवशी मला स्वच्छ सांगितलं, "मानुलेले, मला असं अंगण करून दे की पुन्हा खराटा हातात धरायला लागू नये. गुडघे पार गेलेत माझे."

बाईंनी मला शाळेत तीन वर्षं गणित शिकवलं होतं, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगी ऑकलंडला. घरात त्या एकट्या. आमच्या बेटावरच्या या गावात उजाडलं की घरोघरच्या बायका खराटे घेऊन बाहेर पडतात. ज्या घराचं अंगण झाडलेलं नाही, त्या घराबद्दल दुपारपर्यंत गावभर चर्चा. आणि बाईंच्या अंगणात नीरफणसाचं जुनं झाड. त्याची ताटाएवढी पानं दिवसभर टपटपत असायची. झाड तोडायला बाई तयार नव्हत्या.

मी आणि माझी बायको फोलोला, आम्ही दोघं हेच काम करतो, लोकांची अंगणं आणि बागा करून द्यायचं. आम्ही बेत केला तो असा: झाडाखाली रुंद वाफा करून त्यात दाट नेचे आणि लिली लावायच्या. पानं त्यांच्यात पडून तिथेच कुजतील, उचलायला नकोत. कुंपणाच्या कडेने क्रोटन, त्यांना ना पाणी लागतं ना लाड. बाकी सगळं गवत खरवडून, काळं जाळीचं कापड अंथरून त्यावर पांढरी पोवळ्याची खडी.

"म्हणजे मी नुसतं बसून बघायचं?" बाईंनी विचारलं.

"नुसतं बसायचं," फोलोला म्हणाली. "आयुष्यभर आम्हाला उभं केलंत, आता बसा."

गवत खरवडताना ती जागा दिसली. झाड आणि घराचं दार यांच्या मधोमध, चटईएवढी. तिथे गवत नव्हतं आणि पानही नव्हतं. सभोवार पानांचा खच आणि मध्ये ही उघडी, करडी माती.

"तिथे काही करावंच लागत नाही," बाई पायरीवरून म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून तिथे पान पडलेलं मी पाहिलेलं नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, विचारू नकोस."

"अख्खं गाव असं असतं तर आपण उपाशी मेलो असतो," फोलोला मला म्हणाली, आणि आम्ही हसलो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बाई आत आडव्या झाल्या होत्या आणि फोलोला नळावर हात धूत होती. वारा म्हणून नव्हता. मी फावड्याला टेकून उभा होतो आणि वरून एक पान सुटलं. सरळ खाली आलं, त्या मातीपासून हातभर उंचीवर आलं आणि एकदम बाजूला गेलं. कुणी तरी ढकलावं तसं.

मला वाटलं, उन्हाने डोळे फिरले. मी मूठभर वाळकी पानं उचलली, त्या जागेवर टाकली आणि फोलोलाला हाक मारायला नळावर गेलो. दोघं परत आलो तेव्हा पानं कडेला लागली होती. लहानसा ढीग, देठ सगळे एका बाजूला. आणि मातीवर खराट्याचे ताजे फराटे.

"तूच केलंस ना हे?" फोलोला म्हणाली. "सांग की. घाबरवतोयस मला."

मी ते फराटे बघत होतो. आखूड होते, दीड वितीचे. मोठ्या माणसाचा हात याच्या दुप्पट लांब जातो. आणि सगळे मधून बाहेर काढलेले, चारी बाजूंना. झाडणारा माणूस मागे मागे सरकत शेवटी बाहेर पडतो, त्याच्या पावलाची जागा कुठे तरी राहते. इथे झाडणारं मध्येच उभं होतं आणि तिथून बाहेर गेल्याची काही खूणच नव्हती.

फोलोलाने माझं मनगट धरलं. "चल," ती हळूच म्हणाली. "उरलेलं उद्या सकाळी करू."

दुसऱ्या दिवशी मी त्या जागेवरही कापड आणि खडी टाकली. खरं सांगायचं तर मला ते नजरेआड करायचं होतं. फोलोला म्हणाली, "टाकायची तर तू टाक. मी तिथे पाय ठेवणार नाही." मी टाकली. काहीही झालं नाही. अंगण असं देखणं झालं की बाईंनी मुलीला फोनवर ते चारदा दाखवलं.

दीड महिना गेला. एके दिवशी बाईंचा शेजारी तोफिगा धावत माझ्या घरी आला. त्याच्या अंगावर डुकरांच्या खाण्याचे शिंतोडे तसेच होते.

"बाईंना इस्पितळात नेलंय," तो म्हणाला. "मांडीचं हाड मोडलंय. पण तू आधी अंगण बघायला चल."

"झालं काय?"

"मी डुकरांना घालत होतो. खराट्याचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र, खडीवर. मी कुंपणावरून ओरडलो, बाई, आता दगडं झाडता का? उत्तर नाही. म्हटलं, जाऊन जरा चिडवावं. गेलो तर अंगणात कुणी नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मानुलेले, खडी सरकत होती. माझ्यासमोर. सरकवणारं कुणी नव्हतं. दाराकडे चालली होती. मी पळूनच जाणार होतो, पण आतून कण्हल्याचा आवाज आला. बाई जमिनीवर पडलेल्या. दोन दिवस तशाच."

"दोन दिवस? आणि तुम्हाला कुणालाच कळलं नाही?"

"कसं कळणार? अंगण तर रोजच्यासारखं लख्ख!" तो माझ्यावर ओरडला. "पूर्वी एका सकाळी झाडलं नसतं तर माझी बायको विचारायला गेली असती."

मी जाऊन बघितलं. त्या चटईएवढ्या जागेवरची खडी चारी बाजूंना ढकलली गेली होती आणि तिथून दारापर्यंत वाट पडली होती. खाली काळं कापड दिसत होतं. फराटे आखूड, दीड वितीचे, एकाला लागून एक, पायरीपर्यंत.

मग मी आणि फोलोला इस्पितळात गेलो. बाईंच्या उशाशी पेपे आत्या बसल्या होत्या, त्यांच्या यजमानांच्या आत्या, नव्वदीच्या. बाई शुद्धीवर होत्या, आवाज मात्र बारीक झाला होता.

"दोन्ही दिवस ऐकू येत होतं रे," त्या म्हणाल्या. "सारखं झाडणं. मला वाटलं, तोफिगाची बायको. एवढं काय झाडतेय म्हणून रागच येत होता. पण त्या आवाजाने झोप लागेना. झोपले असते तर उठले नसते."

मग मी दोघींना सगळं सांगितलं, पान, ढीग, फराटे. पेपे आत्यांनी ऐकून घेतलं.

"वायोला," त्या पांघरुणाची कड चुरगाळत म्हणाल्या. "माझी थोरली बहीण. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मोठ्या साथीच्या वर्षी त्या घरात सातजण तापाने पडले होते. उठून फिरणारी एकटी ती, आठ वर्षांची. गावात प्रेतं न्यायला माणसं फिरत. ज्या घराचं अंगण झाडलेलं नसे, तिथे कुणी उरलं नाही असं धरून ती आत शिरत. जिवंत माणसंही त्यात उचलली जातील, या भीतीने आईने तिला सांगितलं, तू रोज झाड. आम्ही आहोत हे बाहेर कळू दे. तिने झाडलं. अठरा दिवस. सातही जण उठले आणि ती अंगणात पडली. दगड आणून थडगं बांधायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं. पडली तिथेच पुरली. आईने पुन्हा तिचं नाव काढलं नाही. मरताना मला सांगितलं, आणि मीही कुणाला बोलले नाही."

फोलोला रडत होती. मला मात्र माझ्या हातांनी तिच्या अंगावर अंथरलेलं ते काळं कापड आठवत होतं.

तीन महिन्यांनी बाई काठीवर घरी आल्या, बरोबर मुलगी. तोवर मी आणि तोफिगाने त्या जागेवरचं कापड काढलं होतं, भोवती काळे दगड बसवले होते. पाद्रीबाबा येऊन प्रार्थना म्हणून गेले. बाईंनी खुर्ची तिथे ठेवून घेतली आणि खाली वाकून, लहान मुलीशी बोलावं तसं म्हणाल्या, "वायोला, सगळे उठले गं. तुझी आई, तुझे बाबा, सगळे. आता तू बस."

मग त्यांनी मला दारासमोरची खडी काढायला लावली. स्टुलावर बसून हात पोचेल एवढी माती त्यांना मोकळी हवी होती, रोज सकाळी झाडायला. मुलगी वैतागली. "आई, पुरे झालं हे. तिकीट काढलंय मी. तू माझ्याबरोबर ऑकलंडला येणार आहेस."

"आणि इथे?" बाई म्हणाल्या. "आठ वर्षांची पोर आहे घरात. तिला एकटी टाकून मी कशी येऊ?"

मुलीला वाटलं आई चेष्टा करतेय. ती हसली आणि आमच्याकडे वळली, आम्हीही हसू म्हणून. मी आणि फोलोला मान खाली घालून खडी घमेल्यात भरत राहिलो.