लताबाईंच्या नावाची झाडं

शुभांगीचं काम सांगायला सोपं होतं. नाशिकच्या एका छोट्या संस्थेत ती नोकरीला होती. जंगल राखणारे, आटलेले झरे वाहते करणारे गावोगावचे गट शोधायचे आणि मदत करू पाहणाऱ्या शहरातल्या माणसांशी त्यांची गाठ घालून द्यायची. चांगली बातमी पोचवायला तिला फार आवडायचं. यंदा होळीच्या तोंडावर मात्र वाईट बातमी तिच्या पदरात आली.

हरसूलच्या पुढे एका पाड्यावर कुसाबाई आणि तिच्या गटातल्या बायकांनी झऱ्यावरची उजाड टेकडी पुन्हा हिरवी करायला घेतली होती. त्यांना मदत मिळाली होती जयराम गायधनींची. गायधनीकाका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. पत्नी लताबाई गेल्या, तेव्हा तेराव्याचं जेवण साधंच करून ते संस्थेत आले आणि म्हणाले, "तिच्या नावानं कुठंतरी झाडं लावा. पण जगणारी लावा." दिवाळीला शुभांगीने त्यांना टेकडीचे फोटो पाठवले. ऐन, मोह, आवळा, सगळी गुडघ्याला लागतील एवढी. काकांनी एक फोटो मोठा करून घरात लावला होता.

आणि आता कुसाबाईचा फोन आला होता. "ताई, टेकडी जळाली. पल्याडच्या गवताला कुनी आग लावली, वाऱ्यानं इकडं आली. आमी डहाळ्यांनी लय झोडपली, पर नाय ऐकली."

शुभांगीने ते लगेच ऑफिसात सांगितलं. संस्था चालवणारे संतोष सर हळवे गृहस्थ. ते म्हणाले, "काकांना आत्ता नको सांगूस. पावसाळ्यात पुन्हा रोपं लावू, नवे फोटो पाठवू. एकटा माणूस, उगाच जिवाला लावून घेईल."

शुभांगीलाही ते पटलं. पण दुपारचा डबा तिने उघडला, तसाच बंद केला. ज्या माणसाने आपल्या शब्दावर भरवसा ठेवला, त्याच्या भिंतीवर आता नसलेली झाडं टांगलेली राहणार, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. शेवटी गच्चीवर जाऊन तिने काकांना फोन लावला.

"काका, टेकडीला वणवा लागला. झाडं जळाली."

काकांनी विचारलं, "कुणाला भाजलं तर नाही ना?"

हे विचारायचं शुभांगीला सुचलंच नव्हतं. तिने घाईघाईने पाड्यावर फोन केला, तेव्हा कळलं. कुसाबाईचे दोन्ही हात भाजले होते. हरसूलच्या दवाखान्यात जाऊन ती पट्ट्या बांधून आली होती आणि ताईला उगाच घोर नको म्हणून बोलली नव्हती.

हे कळताच दुसऱ्या दिवशी सकाळी काका शुभांगीबरोबर पाड्याकडे निघाले. त्र्यंबकेश्वर मागे पडलं, घाट सुरू झाला, तरी ते खिडकीबाहेरच बघत होते. पाड्यावर बायका अंगणात जमल्या होत्या. कुणी मान वर करीना. कुसाबाई पुढे आली आणि पट्ट्या बांधलेले हात तिने तसेच जोडले.

"भाऊ, तुमच्या मंडळींची झाडं आमाला राखता नाय आली."

काकांनी ते हात हलकेच खाली केले. "असं नका म्हणू. माझ्या घरच्या माणसासाठी तुम्ही आगीत शिरलात. लता असती तर मला आधी रागावली असती, इतक्या उशिरा आलात म्हणून."

मग सगळे टेकडीवर गेले. पायाखाली काळी राख, जळक्या गवताचा वास. काका एका करपलेल्या रोपापाशी टेकले. "आमच्या क्वार्टरपुढं तिनं बाग केली होती," ते म्हणाले. "वीज केंद्राच्या चिमणीची राख पानांवर बसायची. रोज सकाळी ही बाई ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. मी हसायचो. म्हणायचो, लता, उद्या पुन्हा बसणारच आहे. तर म्हणायची, उद्या पुन्हा पुसीन."

बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. लताबाई गेल्यापासून शुभांगीने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बायका त्यांच्याभोवती राखेतच बसल्या.

"कशा व्हत्या हो त्या? सांगा की," कुसाबाई म्हणाली.

काका सांगत राहिले. लताबाईंचा तापट स्वभाव, हातची शेवभाजी, भाजीवाल्याशी होणारी भांडणं. बायका मध्येच हसत होत्या, मध्येच डोळ्यांना पदर लावत होत्या. ऊन चढलं तेव्हा कुसाबाईच्या सुनेने सगळ्यांना घरी नेलं, नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली.

शुभांगीने झाला प्रकार जळक्या टेकडीच्या फोटोंसह सगळ्याच देणगीदारांना कळवला. संतोष सरांनी आधी कपाळाला हात लावला, मग स्वतःच पत्राखाली सही केली. एकाने मदत थांबवली. बाकीच्यांनी विचारलं, आग येऊ नये म्हणून काय करता येईल? बायकांनी सांगितलं, टेकडीभोवती गवत कापून जाळपट्टा काढायला हवा, म्हणजे बाहेरची आग आत शिरणार नाही. पावसाळ्यात नवी रोपं लागली. काही जुन्या मोहांना बुडातून फुटवेही आले.

दिवाळीनंतर गवत वाळलं, तसे गायधनीकाका वीज केंद्रातल्या दोन जुन्या मित्रांना घेऊन जाळपट्टा काढायला पाड्यावर मुक्कामालाच गेले. शुभांगी पोचली तेव्हा तिघे म्हातारे विळे घेऊन उतारावर वाकले होते आणि कुसाबाई वरून ओरडत होती, "भाऊ, मुळापासून कापा! अर्धं ठेवलंत तर जेवायला नाय वाढायची!"

"बघ गं," काका घाम पुसत शुभांगीला म्हणाले, "घरच्यासारखं बोलायला लागलीय ही."