बदली खासदार

"झुल्मा, बुधवारी जमेल ना गं? एकच दिवस," डॉक्टर बेंतांकुर फोनवर म्हणाले. बाळंतपणाच्या वॉर्डच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या झुल्माने किटलीखालचा गॅस बंद केला.

"काय आहे बुधवारी?"

"कायदा आहे, लहान इस्पितळांचा. ज्यांत वर्षाला शंभराच्या आत बाळंतपणं होतात ते वॉर्ड बंद करून मोठ्या इस्पितळाला जोडायचे."

फोनची वायर पुरेल तिथवर ती खिडकीकडे गेली, परत आली. "आपल्याकडे एकसष्ट होतात, डॉक्टर."

"मला का माहीत नाही? म्हणून तर रजा घेतोय. पक्षाचा आदेश आहे. माझी थोडीच हौस?"

चौदा वर्षं डॉक्टर पासो होंदो गावचे खासदार होते आणि निवडणुकीच्या यादीत त्यांच्या नावाखाली झुल्मा एचेनिकचं नाव असे, बदली म्हणून. ते रजेवर गेले की त्यांच्या खुर्चीत ती बसायची. अशा रजा आजवर सहा झाल्या होत्या. रेल्वे बंद झाली तेव्हा त्यांची कंबर धरली होती. लोकरीची गिरणी विकली गेली तेव्हा मेहुणा आजारी होता. पेन्शनचं वय वाढलं तेव्हा दाढ. सभागृहात हात नुसते मोजत, कुणाचा वर होता ते लिहीत नसत. त्या दिवशी हजर कोण होतं, तेवढं मात्र लिहीत. त्यामुळे दर निवडणुकीला डॉक्टरांच्या पत्रकावर ठळक ओळ असे: गावाविरुद्ध एकही मत नाही. आणि ते अक्षरशः खरं होतं.

मंगळवारी बसथांब्यावर रोसेंदो खाटकाने तिला पिशवीसकट पाहिलं.

"निघालात का बाई राजधानीला? उद्या काय बंद करताय? माझं दुकान तरी ठेवा."

थांब्यावरचे सगळे हसले. दर वेळी तीही हसायची. आज तिला ओठ हलवता येईनात. बसमध्ये तिने जपमाळ काढली. मणी सरकत राहिले, पण कितवी प्रार्थना चाललीय ते तिसऱ्यांदा विसरल्यावर तिने ती पुन्हा पिशवीत ठेवली. खुर्ची डॉक्टरांची, निर्णय डॉक्टरांचा, आपण फक्त निरोप्या, असं तिने सहा वेळा देवाला सांगितलं होतं. सातव्यांदा सांगायचा धीर होईना. सत्तावीस वर्षं त्या वॉर्डात गेली होती. गावातली निम्मी पोरं तिच्या ओंजळीत पहिल्यांदा रडली होती.

बुधवारी पक्षाचे गटनेते इरियार्ते सभागृहाच्या दारातच भेटले. "आलात! देवासारख्या आलात. जेवलात का? आज सोपं आहे. पुकारलं की हात वर, की मोकळ्या. सहाची बस मिळेल."

"आणि नाही केला तर?"

इरियार्ते मनापासून हसले. "तर पुढच्या यादीत तुमचं नाव नसेल. पण तुम्ही करता हो. तुमची काळजीच नसते आम्हाला."

भाषणं तीन तास चालली. झुल्माने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. बुटातल्या पायाची बोटं आखडत होती. शेजारचा खासदार शब्दकोडं सोडवत होता. शेवटी अध्यक्षांनी पुकारलं, आणि तिच्या पुढचे, मागचे, शेजारचे हात वर गेले. तिचे मांडीवरच राहिले.

"अठ्ठ्याण्णव हजर, एकोणपन्नास बाजूने," चिटणीस म्हणाला. "नामंजूर."

क्षणभर तिच्या छातीत काहीतरी सुटं झालं. तेवढ्यात इरियार्ते उठले. "फेरमोजणी, अध्यक्षमहाराज!" एक शिपाई उपाहारगृहाकडे धावला. तोंड पुसत एक म्हातारे खासदार लगबगीने आत आले आणि बसायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

"नव्याण्णवांपैकी पन्नास. मंजूर."

म्हणजे संपलं. कागदावर राहील ते एवढंच: कायदा झाला, आणि एचेनिकबाई हजर होत्या.

"आपल्या मताचं कारण कुणाला नोंदवायचंय?" अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. झुल्मा उभी राहिली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"मी हात वर केला नाही. दोन्ही वेळा. हे लिहून घ्या." लघुलेखिकेने मान वर केली. "मोठं इस्पितळ आमच्यापासून एकशे दहा किलोमीटर आहे, आणि नदीला पाणी आलं की पूल बुडतो. पुढच्या तीन महिन्यांत दिवस भरतायत अशा बायका आहेत. आडनावं सांगत नाही, घरच्या गोष्टी आहेत. ग्रासिएला, तिचं दुसरं. नीदिया, तिचं मूल आडवं आहे. इराइदेस. मारिसेल, तिला जुळी आहेत. लोउर्देस..."

"वेळ संपली, बाई." घंटा वाजली. "कृपया बसा."

"एकच राहिलीय. देल्या," झुल्मा म्हणाली आणि बसली.

पुढचा विषय पुकारला गेला होता. इरियार्ते तिच्या खुर्चीशी वाकले. "हे कुणी शिकवलं तुम्हाला? आता डॉक्टरांना काय तोंड दाखवणार?"

"रोज दाखवते तेच," ती हळू म्हणाली.

सभागृह रिकामं व्हायला लागलं तेव्हा ती पिशवी उचलून निघाली. लघुलेखिका वही घेऊन तिच्यामागे आली.

"बाई, जरा थांबता? गलक्यात तिसरं नाव नीट ऐकू आलं नाही."

"इराइदेस. पहिलटकरीण आहे. एकोणिसावं लागलंय नुकतं. पुलाच्या पलीकडे राहते."

"सभागृहात बोललात तेवढंच लिहिता येतं मला," ती मुलगी ओशाळून म्हणाली. "वय नाही लिहिता येणार."

झुल्माने मान डोलावली. सहाची बस चुकणार होती. तरी ते एक नाव कागदावर पुरं उतरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.