उजैरच्या छातीवरचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, पण कमरेचा नव्हे हो, छातीचा! आणि मित्रांनो, मला कुणी विसरलेलं अजिबात खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात, हुपरीच्या चौदा वर्षांच्या उजैरच्या मापानं मी तयार झालो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पुढं मऊ गादी, बाजूला स्क्रू. उजैरच्या छातीचं मधलं हाड पुढं आलं होतं. पोरं ‘कबूतर’ म्हणून चिडवत. शर्ट काढायला नको, म्हणून त्यानं विहिरीत पोहणंच सोडलं होतं. आणि पोहण्यावर तर त्याचा जीव!

“ह्यात कुणाची चूक न्हाय,” डॉक्टर क्रांतीताई म्हणाल्या. “वाढीच्या वयात बरगड्यांची कूर्चा, म्हंजे मऊ हाड, जरा जास्तच वाढली, तिनं मधलं हाड पुढं ढकललं. हृदय, फुप्फुसं ठणठणीत हायत. ह्यो पट्टा हाड हळूहळू आत दाबंल, म्हणून आंघोळ सोडून कायम घालायचा. हाडं एकदा पक्की झाली, की पट्ट्याचं काय चालत न्हाय.”

उजैरचे वडील चमनभाई चांदीचे पैंजण घडवतात. घरी येताच त्यांनी माझा स्क्रू चांगला चार आटे जास्त पिळला. “चांदी दोन ठोक्यात वाकती, हे का वाकणार न्हाय?”

मी ओरडणार कसा? आठवड्यात उजैरची कातडी सोलवटली. त्यानं मला कॉटखाली भिरकावलं. “आता मी घालणारच न्हाय!” धुळीत पडून मला रडू येत होतं. त्याची हाडं काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

चमनभाई घाबरून त्याला आणि मला दवाखान्यात घेऊन गेले.

“चांदी वाकवायच्या आधी काय करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“तापवून मऊ करतो की.”

“मग पोराला भट्टीत घालताय काय?”

उजैर खुदकन हसला. चमनभाईंनी स्वतःचे कान धरले. “चुकलं रं पोरा माझं.”

जखम भरल्यावर मी पुन्हा कामावर रुजू झालो. स्क्रूला हात मात्र फक्त डॉक्टरांचा. मित्रांनो, तुम्हीही घरी असली कारागिरी करू नका. आणि कुणाच्या छातीवर माझा भाऊबंद दिसला, तर टक लावून बघू नका.

दीड वर्षानं डॉक्टर म्हणाल्या, “हाड छान बसलंय. आता फक्त रात्री घाल.” उजैर बसमधून उतरला तो थेट विहिरीवर. मला काठावर ठेवलं, माझ्यावर शर्ट टाकला आणि धप्पकन उडी!

“आला रं आला!” पोरं ओरडली. छातीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी शर्ट उचलून तो तसाच ओला घरी पळाला. मी काठावरच. थोड्या वेळानं चमनभाई हसत मला न्यायला आले. “ह्याचं रात्रीचं काम हाय की अजून!”

उजैर मला चक्क विसरला होता. आणि मित्रांनो, इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.