उष्टावणाची वाटी

आमच्या घराचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर त्याने जुने कागद धुंडाळत न बसता सरळ स्वयंपाकघरात यावं आणि भांड्यांच्या काठाखालची नावं वाचावीत. माझ्या सासूबाई, सुनीतीबाई, अठ्ठ्याऐंशी साली कऱ्हाडहून नेरुळच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, त्या गोणपाटात शिवलेली भांडी घेऊनच. त्यांच्या लग्नात मामाने दिलेली पितळी ताटं त्यात होती, ताकासाठी काशाची वाटी होती, आणि टंचाईच्या वर्षांत नाइलाजाने घेतलेलं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, एक पातेलंही होतं, ज्याच्याकडे त्या गरीब नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहत. चमचा मात्र त्यांच्या घरात सगळ्यात उशिरा शिरला. चमच्याने जेवतो तो आजारी तरी असतो नाहीतर साहेब तरी, असं माझे सासरे म्हणायचे. त्यामुळे चमचे पाहुण्यांच्या पोह्यांपुरतेच बाहेर निघत आणि पाहुणे गेले की मोजून परत डब्यात जात.

नेरुळला तेव्हा कल्हईवाला मिळेना. पितळी ताटात ताक कळकायला लागलं, तसं सासूबाईंनी एक दिवस मन घट्ट केलं आणि पितळ वाशीला मोडीत देऊन स्टीलची ताटं आणली. दुकानातल्या मशीनने त्यांवर आमची नावंही कोरून घेतली. पण दोन दिवस त्या नव्या ताटांकडे बघेनात. "मशीनचं नाव वरवरचं गं," त्या म्हणाल्या, "छिन्नीचं नाव भांड्याच्या पोटात जातं."

नावांच्या बाबतीत त्यांचे दोन नियम होते. पाळण्यात पडण्याआधी मुलाचं नाव भांड्यावर घालू नये, हा एक. दुसरा असा, की भांड्यावरचं नाव घासून तिथे दुसऱ्याचं घालू नये. नको असेल तर भांडं मोडीत द्यावं आणि नवीन करावं. मी तेव्हा हसायचे. चांगली बी. कॉम. झालेली बाई, मी कशाला असल्या गोष्टी ऐकते!

पहिला नियम मोडला माझ्या भावाने. अरविंदला मामा होण्याची कोण घाई! मला सातवा लागला होता, तेवढ्यात त्याने पुण्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा घडवून आणला. मुलगाच होणार अशी त्याची पैज होती, आणि वाटीवर छिन्नीने ठोकून घातलेलं नाव होतं 'ऋषी'. सासूबाईंनी वाटी हातात घेतली, नाव वाचलं आणि ती कपाटात ठेवून दिली.

पैज अरविंदने जिंकली. बारसं बाराव्या दिवशी करतात. मुलगा अकराच दिवस राहिला. त्यामुळे त्याला कोणी कधी नावाने हाक मारली नाही, आणि त्यानंतर घरात ते नाव कोणी उच्चारलंही नाही. ते होतं फक्त त्या वाटीवर, नव्वद सालापासून, माझ्या हिरव्या शालूच्या घडीत.

ब्याण्णवच्या दिवाळीत श्रुती झाली. तिच्या उष्टावणाला अरविंद नवी वाटी करायला निघाला होता, मीच नको म्हटलं. जुनी चांदी घरात असताना कशाला उगाच, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानलं. खरं कारण असं होतं, की ती वाटी मोडीत घालायला माझा हात धजत नव्हता. नुसती जपून ठेवली तर सासूबाई एक ना एक दिवस विचारणार, हेही मला ठाऊक होतं. म्हणून मी ती वाशीला शहाजीकाका सोनारांकडे नेली, आधीचं नाव घासून घेतलं आणि त्याच जागी मशीनने 'श्रुती' कोरून आणलं. आपण फार शहाणपणा केला असं मला त्या वेळी वाटलं.

उष्टावण छान झालं. तांदळाची खीर श्रुतीने चाखली, निम्मी अंगावर सांडली, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी आवरताना मला त्या चमच्याच्या कडेवर दातांच्या खुणा दिसल्या. चांदी मऊ असते, बाळं चावतात, हे मलाही माहीत आहे. पण श्रुती सहा महिन्यांची होती आणि तिला अजून एकही दात आला नव्हता.

भांडी घासायला करावे गावातून सखू यायची. मी तिला चमचा दाखवून विचारलं, तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वैनी, मी काय भांडी दातानी घासतंय? पोराचं दात हाय ते. चांगलं तीन वर्साच्या पोराचं."

मी हसले आणि चमचा तिच्या हातून काढून घेतला. त्या दिवसापासून ती वाटी आणि तो चमचा मी स्वतःच घासायला लागले. घासता घासता मनात हिशेब झाला: त्याला श्रावणात तीन पूर्ण झाली असती.

मला भीती वाटली असं मी म्हणेन आणि लोकांना ते पटेलही, पण ते खोटं आहे. मला आनंद झाला. ज्या बाईने मुलाला अकरा दिवस पाहिलं, तिला त्याचे दात बघायला मिळाले! श्रुती मोठी होत गेली, तिला तिचे दात आले, बारीक, तांदळाच्या कण्यांसारखे; चमच्यावरच्या खुणा मात्र त्यांच्याहून रुंद होत्या आणि दर काही महिन्यांनी नव्याने उमटत होत्या. मी खीर जरा जास्तच करायला लागले. वाटी काठोकाठ भरायची, श्रुती चार चमचे खाऊन उठायची, आणि मी पाण्याचा तांब्या आणायला वळून परत येईपर्यंत वाटी रिकामी झालेली असायची. मी विचारायचे, "संपवलीस?" ती मान हलवायची. हो म्हणून की नाही म्हणून, ते मी कधी नीट पाहिलं नाही.

श्रुतीने खाल्लेलं काही अंगी लागत नव्हतं. चौथं लागायला आलं तरी दोन वर्षांचा फ्रॉक तिला सैल व्हायचा. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, जंतांचं औषध झालं. कुठेच काही दोष निघेना. "टेन्शन घेऊ नकोस, आमच्या घरात सगळे लहानपणी काडीच होते," माझा नवरा सुधीर म्हणायचा आणि बेलापूरला ऑफिसला निघून जायचा. तिचा आणखी एक त्रास होता. हाक मारली की ती ओ देत नसे. 'श्रुती, श्रुती' करून तीन-चार वेळा ओरडावं तेव्हा कुठे, दुसऱ्याच कोणाला बोलावतायत अशा चेहऱ्याने सावकाश वळायची. तिचे कानही तपासले. तेही चांगले होते.

शहाण्णवच्या नवरात्रात चमच्यावर नवी खूण उमटली. खालच्या ओळीत, मधोमध, एका दाताची जागा मोकळी होती. सहाव्या वर्षी पडतो तोच पहिला दात. मी ओट्याशी उभी राहून तो चमचा गालाला लावला आणि रडले, हसलेही असेन. मागे वळले तर सासूबाई दारात होत्या. केव्हापासून होत्या कोण जाणे.

जमिनीवर बसून श्रुती रिकामी वाटी बोटाने पुसत होती. तिच्या मानेची हाडं फ्रॉकच्या गळ्यातून वर आली होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"नंदिनी, एका वाटीत दोघांचं पोट भरत नसतं," त्या म्हणाल्या. "आणि वाढणारी तू आहेस."

त्या रात्री मी श्रुतीला न्हाऊ घातलं. साबण लावताना तिच्या बरगड्या बोटांना एकेक लागत होत्या, आणि मला माझीच इतकी किळस आली की सांगता येत नाही. जिवंत लेकीच्या तोंडचा घास मी कोणाला भरवत होते? सकाळी वाटी आणि चमचा पिशवीत घातला, श्रुतीचं बोट धरलं आणि वाशीची बस पकडली. वाटी वितळवायची, त्याच चांदीत थोडी भर घालून नवी करायची, तिच्यावर लेकीचं नाव छिन्नीने घालून घ्यायचं. वाटभर मी मनात तेच घोकत होते. सासूबाईंचा नियम मी शेवटी पाळणार होते, आणि रडायचं नाही असं ठरवलं होतं.

शहाजीकाकांनी वाटी ओळखली. पंच्याने पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली आणि चष्मा कपाळावर नेला.

"वहिनी, हे नाव मी स्वतः घासलं होतं. चांगलं खोल घासलं होतं हो."

त्यांनी वाटी माझ्याकडे फिरवली. इतकी वर्षं घासताना त्या नावावर मी नजर पडू दिली नव्हती. 'श्रुती'चा मागमूसही नव्हता. त्या जागी छिन्नीचे टोचे पहिल्या दिवसासारखे उभे होते. काकांनी ते वाचून दाखवलं नाही, मीही वाचलं नाही.

"वितळवा," मी म्हटलं.

"तुमच्यासमोर?" असं विचारावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाटी-चमचा घेऊन आत गेले, मीही मागोमाग गेले. आतल्या भट्टीवर चांदी वितळवायची मूस लाल झाली. वाटी आधी बसली, मग चमचा वाकला, आणि बघता बघता दोन्ही मिळून एक थेंब झाला. मी डोळे मिटले नाहीत. श्रुती तिकडे बाहेरच्या कपाटाच्या काचेला नाक लावून पैंजण बघत होती. काचेला हात लावू नको म्हणून मी तिला तीनदा हाक मारली, पण तिने नेहमीसारखं ऐकलंच नाही.

काका हात पुसत गादीवर येऊन बसले आणि वही उघडली.

"नवीन वाटीवर नाव काय घालू?"

मी सांगितलं. काकांची पेन्सिल थांबली, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, तेव्हा कुठे माझं बोलणं माझं मलाच ऐकू आलं. ते नाव सहा वर्षांत मी पहिल्यांदाच मोठ्याने घेतलं होतं. चूक झाली, ते नको, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात काचेपाशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीने झटकन मान वळवली आणि पहिल्याच हाकेला ओ दिली.